धुऊन गेलेला डाग

"घे गो बाये, आलो..."

तो आवाज उंचावरून येई. जिथे हिरवा रंग संपतो आणि निळा सुरू होतो, त्या थरथरत्या सीमारेषेवरून येई. खाली आगरात, पोफळींच्या त्या बागेत, पाण्याखाली असावा तसा हिरवट, गार, हेलकावता उजेड. पाटातून झुळझुळ धावणारं पाणी, केवड्याचा दूरचा गंध, आणि मान वर करून उभ्या असलेल्या चिमुकल्या रूपेशच्या कपाळावर ऊनसावलीची विणलेली जाळी.

वर बाप असे. धाकू पिलणकर. पोफळीच्या सडसडीत, एकसुरी, आभाळवेड्या खोडाला बिलगलेला. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयती, ओठांत विडीचा विझलेला तुकडा.

एका झाडावरचे सुपारीचे घड उतरवले की धाकू खाली उतरत नसे. पोफळी काढणारा खाली उतरत नाही. तो शेंड्यालाच झोके देतो. बारीक खोड वाकतं, परततं, अधिक वाकतं. आणि शेजारची पोफळ हाताशी आली की पहिली सोडायची, दुसरी धरायची. सोडण्याआधी तिला साद घालायची, दारात उभ्या असलेल्या बहिणीला घालावी तशी. घे गो बाये, आलो.

एक हात सुटलेला, दुसरा अजून न धरलेला. त्या निमिषात धाकू कुणाचाच नसे. झाडाचा नसे, जमिनीचा नसे. खाली उभ्या पोराचा श्वास तेवढ्यापुरता थांबे. मग वर पानं सळसळत, खोड करकरे, आणि बाप हसे.

पहिल्यांदा झाडाला हात लावला त्या दिवशी बापानं पोराला रीत सांगितली होती. "चढलास की भ्याचं नाव काढायचं नाय. पोटात असंल तर पोटात ठेव. झाड ऐकतं. ज्याचं नाव काढशील ते खाली येऊन उभं राहतं."

बाप गेला. अंथरुणावर गेला, तापानं गेला. झाडावरून कधी पडला नाही. मागे राहिली कोयती, राहिलं आगर, राहिला पोटात ठेवायचा तो शब्द.

*

फाल्गुन सरत आला होता. समुद्रावरून येणारा वारा मिठानं जड झाला होता. खळ्यात पसरलेल्या सुपाऱ्या केशरी, तांबूस, पिंगट होत होत वाळत होत्या. जणू मावळतीचं आभाळ कुणी मुठीमुठीनं जमिनीवर पेरून ठेवलं होतं. आणि त्या सगळ्या रंगांच्या कडेला, ओटीच्या सावलीत, चाकांच्या खुर्चीत रूपेश बसला होता.

त्याची नजर वर जाई. शेंड्यांवर जाई. मग पायांवर येई, आणि पायांवरून घसरून जमिनीवर पडे.

आदल्या मार्गशीर्षातली ती सकाळ. धुकं विरत होतं, दवाचे मणी पानापानाच्या टोकाला लोंबत होते. जी पोफळ धरायची होती तिचा शेंडा पिवळट होता. मान टाकलेली होती तिनं, आजारी बाईनं टाकावी तशी. रूपेशच्या बेंबीशी एक गार बोट टेकलं. नको, म्हणालं. हिला नको.

ते बोट कसलं, हे त्याला माहीत होतं. पण त्याचं नाव काढायचं नव्हतं. त्यानं झोका घेतला, साद घातली, पहिली सोडली, दुसरी धरली. दुसरी आतून कुजलेली होती. ती त्याच्या हातांसकट आली.

आता त्याच्या अंगाला बेंबीपर्यंतच जाग होती. तिथवर वारा कळे, पाणी कळे, बायकोचा, दर्शनाचा हात कळे. त्याखाली काही नाही. भीती जिथे उठली होती, बरोबर तिथेच त्याचा देह संपला होता.

*

शहरातल्या इस्पितळात खिडकीबाहेर झाड नव्हतं. पांढरी भिंत, पांढरा पंखा, पांढऱ्या चादरीखाली दोन पाय. त्याचेच, आणि तरी कुणीतरी विसरून गेल्यासारखे. सकाळी डॉक्टर येत, टाचणी टोचत, विचारत, "इथे?" तो नाही म्हणून मान हलवी. "इथे?" तो मान हलवी. टाचणी वर वर सरकत जाई आणि रूपेशला वाटे, भरतीचं पाणी चढतंय. अंगणात आलं, ओटीवर आलं, आता घरात येईल.

शेजारच्या खाटेवर एक माणूस पालथा पडून असे. त्याचीही पाठ मोडलेली. आधी उताणा पडून पडून त्याच्या माकडहाडावर जखम झाली होती. न दुखणारी जखम. तिला दुखणं नव्हतं, म्हणून तिची कुणाला खबर नव्हती. खबर नव्हती, म्हणून ती हाडापर्यंत गेली होती. तो माणूस उशीत तोंड खुपसून गावाकडच्या बैलांची नावं घेई. एका दुपारी नावं थांबली. दोघं आले आणि त्यांनी पडदा ओढला. पडद्यावर निळी फुलं होती.

ती निळी फुलं रूपेशच्या डोळ्यांत राहिली. घरी आला तेव्हा त्याच्यासोबत खुर्ची आली, औषधांची पिशवी आली, आणि ती निळी फुलं आली.

*

घरी भीतीला हजार दारं होती. खोकला आला तर भीती. लघवीची नळी तुंबली तर भीती. दर्शना पाण्याला गेली आणि जरा उशिरा परतली तर भीती. पायावरून मुंग्यांची रांग जाताना दिसे, जाणवत नसे. आणि ती काळी, शिस्तीची, निश्चिंत रांग बघता बघता त्याच्या तळहातांना घाम फुटे. आपलंच शरीर, आणि परक्याच्या घरासारखं. आत काय चाललंय ते कळायचं नाही. दार ठोठावावं तर आतून ओ नाही.

दर्शना त्याला कुशीवर वळवी, पुशी, भरवी. बोलत नसे फार. सुपारी सोलताना मात्र तिच्या ओठांवर माहेरची ओवी येई, पाटातल्या पाण्यासारखी, कुणासाठी नसलेली.

पोफळी गं बाई, तुझं घर वाऱ्याचं,
वाकता वाकता धर बोट शेजारचं.

पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी गल्लीत हॉर्न वाजला. एकदा वाजला, पुन्हा वाजला, वाजतच राहिला. दर्शना बाहेर गेली तर मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर एक काळाकभिन्न, पांढऱ्या मिशांचा, रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. डोक्याला लाल रुमाल. मागच्या बाजूला घडी घातलेली खुर्ची दोरीनं करकचून बांधलेली.

"पिलणकराचं घर हेच ना? ती खुर्ची सोड गो पोरी, मला उतरायचंय. का पाहुण्याला रस्त्यावरच चहा पाजतेस?"

हिराजी तांडेल. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. कधीकाळी स्वतःच्या होडीचा नाखवा. भर समुद्रात डोलकाठी मोडून पाठीवर आली, त्याला आता कितीतरी पावसाळे लोटले होते. इस्पितळातल्या सिस्टरनं त्याला निरोप धाडला होता. ती असे निरोप धाडी, आणि तो असा हॉर्न वाजवत जाई.

तो स्कूटरवरून खुर्चीत आला तो हातांच्या जोरावर, होडीतून होडीत जावं तसा. मग ओटीवर आला आणि रूपेशला त्यानं नखशिखांत न्याहाळलं.

"पोफळीवरनं पडलास म्हणं."

रूपेशनं मान हलवली.

"म्हंजे तू माकड, मी मासा. दोघं पण जमिनीवर नवखे. शिकाया लागल रं."

किती महिन्यांनी रूपेशच्या गळ्यातून तो आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, त्याचं त्यालाच कळलं नाही.

आणि हिराजीनं शिकवलं. खाटेवरून खुर्चीत जायला मधे फळी कशी टाकायची ते शिकवलं. बसल्या जागी घडीघडीला दोन्ही हातांवर अंग कसं उचलून धरायचं, ते शिकवलं. "खालच्या कातडीला पण वारा पायजे. तिला बोलता येत नाय, म्हणून तिचं आपण ऐकायचं." आणि जाताना त्यानं पाठीमागून एक वस्तू काढली. वेताची काठी, तिच्या टोकाला जाळ्याच्या सुतळीनं घट्ट विणून बसवलेला वीतभर रुंदीचा आरसा.

"रोज दिवे लागायच्या आधी बघायचं. पाठ, कुल्ले, टाचा. जी कातडी दुखून सांगत नाय, तिचं हा सांगतो. बायकोला बघू दे, नायतर तू बघ. पण बघायचं."

*

शनिवारी बंदराजवळच्या उंडीच्या झाडाखाली त्यांची बैठक भरे. जुनं, पसरट, गार सावलीचं झाड. पांढऱ्या फुलांचा सडा. समोर खाडीचं चमचमतं, आळसावलेलं पाणी. हिराजी असे. पलीकडच्या गावची मालतीबाई असे, जी आंब्याच्या फांदीसकट खाली आली होती. "आंबा पडला तो लोणच्याला गेला, मी पडले ती खुर्चीला," असं ती स्वतःच सांगे, आणि पदर तोंडाशी नेऊन हसे.

तिथे कुणी कुणाला कसा आहेस म्हणून विचारत नसे. तिथली विचारपूस वेगळी होती.

"आरसा काय म्हणतो?"

"म्हणतो, म्हातारी झालीस," मालतीबाई म्हणे. "बाकी साफ."

"माझा म्हणतो, तांडेल, तुझी पाठ बघून मला वीट आला. साफ. तुझा रं, रूप्या?"

"साफ."

त्या एका शब्दात किती सावली होती. साफ म्हणताना रूपेशला वाटे, आपणही कुणाच्या तरी रांगेतले आहोत. एकेका पोफळीसारखे वेगवेगळे उभे, पण मुळाशी एकाच पाटाचं पाणी. भीती जात नसे. पण उंडीच्या सावलीत ती खुर्चीखाली कुत्र्यासारखी पडून राही, गुरगुरत नसे.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. दुसऱ्यांनी येऊन आगरातल्या सुपाऱ्या उतरवल्या. ते वर झोके घेत असताना रूपेश घरात भिंतीकडे तोंड करून बसला. साद ऐकू येऊ नये म्हणून त्यानं रेडिओ मोठा लावला.

*

मग पुन्हा फाल्गुन आला, सोलणीचे दिवस आले.

खळ्याच्या मधोमध जांभ्याचा एक चिरा होता. कातळातून काढलेला, तांबडा, खडबडीत, वापरानं मधे जरा खोलगट झालेला. तो धाकूचा चिरा. त्यावर पंचा नेसून, विळी पुढ्यात घेऊन धाकू सुपाऱ्या सोलत बसे. तो गेल्यावर त्या चिऱ्यावर कुणी बसलं नव्हतं. बसायचं होतं ते रूपेशनं.

त्या सकाळी दर्शना बाजाराला गेली होती. खळ्यात सुपाऱ्यांचा ढीग होता, पिंगट, कोरडा, खुळखुळता. खुर्चीवरून हात पोचत नव्हते. खुर्चीत ती गादीही होती, फुगीर, निळी, इस्पितळातून आलेली; आजाऱ्याची गादी. रूपेशनं फळी टाकली, हातांवर अंग तोललं आणि तो चिऱ्यावर उतरला. बापाच्या चिऱ्यावर. बाप बसे तसा, पंचा नेसून, मधे काही न घेता.

विळी पुढे ओढली. पहिली सुपारी सोलली. दुसरी सोलली. साल फुटल्याचा तो करकरीत आवाज, तो तुरट वास, बोटांवर चढणारा तो तपकिरी रंग. कामाची लय हातांत परत आली, ओहोटी गेलेल्या खाडीत पाणी परत यावं तशी. त्याला वाटलं, आपण पुरुष आहोत. त्याला वाटलं, आपण धाकूचे आहोत. हातांवर अंग उचलायचं असतं, हे तो विसरला. इतका सुखी झाला की विसरला.

सावली सरकली. ऊन चिऱ्यावर आलं. ते फाल्गुनातलं ऊन, कातळ तापवणारं, अनवाणी माणसाला नाचवणारं. दुसरा कुणी असता तर पहिल्या चटक्याला उठला असता. कातडीच म्हणाली असती, ऊठ. रूपेशची कातडी काही म्हणाली नाही. चिरा तापत गेला. तो सोलत गेला. वर पोफळी डुलत होत्या, आणि खाली, जिथे त्याच्या देहात कुणी राहत नव्हतं, तिथे कातडी शिजत होती.

संध्याकाळी आरशानं सांगितलं.

डाव्या कुल्ल्यावर एक फोड. पाण्यानं भरलेला, टपोरा, तळहाताएवढा. आरशाच्या चौकटीत तो चंद्रासारखा लोंबत होता.

रूपेशनं आरसा खाली ठेवला. डोळ्यांसमोर निळी फुलं उमलली.

"काय म्हणतो आरसा?" आतून दर्शनानं विचारलं.

खाली पोटात, जाग संपते त्या काठावर, तेच गार बोट टेकलं. नाव काढू नये. नाव काढलं की येऊन उभं राहतं.

"साफ," तो म्हणाला.

*

एकदा म्हटलेलं साफ पुन्हा म्हणावं लागतं.

फोड फुटला. लाल झाली जागा. मग पिवळट झाली. मग कडेनं काळी पडू लागली. रूपेश आरसा स्वतःच धरी. दर्शनाला पाठ पुसू देत नसे. "मला येतं आता," म्हणे. ती काही क्षण ओला पंचा हातात घेऊन उभी राही, मग वळे.

उंडीखाली हिराजी विचारी. उंडीची पांढरी फुलं टपटप पडत, मालतीबाई पदर सावरी, आणि रूपेश खाडीकडे बघत तो शब्द उच्चारी. आता त्या शब्दाला सावली नव्हती. तो शब्द उघड्या कातळासारखा तापलेला होता. कुत्रं खुर्चीखालून उठलं होतं.

नेसूच्या पंच्याला डाग पडू लागले. तांबूस, पिंगट, कडेला फिकट. एका सकाळी दर्शनानं पंचा बोटांत धरला.

"हे काय?"

"पोफळीचा डाग. सोलताना लागला असंल."

तिनं डागाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. सुपारीच्या राबात हातांच्या रेषा तपकिरी झालेली ती बाई मागे वळली. पंचा घेऊन पाटावर गेली.

रूपेशला आता उजेडातही थंडी वाजे. भर दुपारी, पानसुद्धा हलत नसताना, त्याच्या दातांवर दात आपटत. त्या घटकेला तो ओटीच्या खांबाला धरून बसे आणि मनात बैलांची नावं ऐकू येत. नावं कधी थांबतील, याची वाट बघत तो ऐकत राही. सांगावं, तर पुन्हा तो पांढरा वॉर्ड. पुन्हा पालथं पडणं, उशीत तोंड, महिनेच्या महिने. पुन्हा ती टाचणी, तो पडदा. न सांगावं, तर काळी कड रोज एका बोटानं पुढे सरकत होती. वेलीसारखी, चोरासारखी, भरतीसारखी.

एक हात सुटलेला, दुसरा न धरलेला. पण धाकूचं ते निमिष होतं. रूपेशचं ते दिवसच्या दिवस चाललं होतं.

*

चैत्राच्या एका कलत्या दुपारी गल्लीत हॉर्न वाजला. शनिवार नव्हता.

ऊन पोफळींच्या खोडांवर तिरकं पडलं होतं. सगळं आगर सोन्याच्या दांड्यांचं झालं होतं. हिराजी खुर्चीची चाकं ढकलत खळ्यात आला, सुपाऱ्यांच्या कडेनं वाट काढत, आणि ओटीच्या खांबाला एका हातानं धरून बसलेल्या रूपेशच्या शेजारी येऊन थांबला, चाकाला चाक लावून, धक्क्याला होडी लागावी तसा.

"कसं काय येणं केलंत, तांडेल?" रूपेश म्हणाला. त्यानं अंगावरची शाल घट्ट ओढली. चैत्रात शाल.

"तुझ्या बायकोनं बोलावलं. म्हणाली, सोलकढी केलीय."

दर्शनानं सोलकढी आणली. गुलाबी, शांत, पितळेच्या पेल्यांत. हिराजीनं पेला रिकामा केला, मिशा पुसल्या. आरसा काय म्हणतो, ते त्यानं विचारलं नाही. रूपेश त्या प्रश्नाची वाट बघत होता, ओठांवर शब्द तयार ठेवून, आणि प्रश्न येत नव्हता.

हिराजी खोडांकडे बघत राहिला.

"आमच्या होडीवर एक रीत होती," तो म्हणाला. "पाणी आत आलं, की ज्याच्या पायाला पयलं लागंल त्यानं बोंब मारायची. पाणी आलंय. बस. मग तो भात रांधणारा असू दे, नायतर होडी चालवणारा तांडेल. त्याला कुणी विचारत नाय, भोक तुझ्यामुळं पडलं का. आधी सगळे हात उपसायला. भोकाचं मागनं बघू."

वारा नव्हता. एका सुपारीची साल उन्हात तडकली.

"आणि जो सांगत नाय," हिराजी म्हणाला, "तो काय एकटा बुडत नाय रं."

रूपेशच्या कानात रक्ताचा आवाज होता. त्याखालून त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं, दुरून, उंचावरून. "झाडावर तशी रीत नाय. झाडावर भ्याचं नाव काढायचं नाय. बाबा म्हणायचा. झाड ऐकतं."

हिराजीनं त्यावर विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आल्या, बोटं मिशीवर थांबली.

"बरोबर म्हणायचा. झाडावर माणूस एकटा असतो. एकट्यानं नाव काढलं तर हात सुटंल." मग त्यानं मान वळवली. त्याचे खाऱ्या वाऱ्यानं बारीक झालेले डोळे रूपेशवर टेकले. "पण तू आता झाडावर हाईस काय?"

रूपेशनं खाली बघितलं. चाकं होती. दोघांची चाकं, धुळीत, एकमेकांना लागलेली.

तेवढ्यात दर्शना पुढे आली. तिच्या हातात घडी केलेला पंचा होता. उन्हाचा वास येणारा, पांढराशुभ्र. तिनं तो रूपेशच्या मांडीवर ठेवला आणि उलगडला.

"पोफळीचा डाग होता ना?" ती हळूच म्हणाली. "बघा, धुतल्यावर गेला."

एवढंच. पुढे तिला बोलायची गरज नव्हती. तिचे दोन्ही हात पांढऱ्या कापडावर पसरलेले होते. आणि त्या हातांवर, बोटांच्या पेरापेरांत, नखांच्या कडांना, पोफळीचे डाग होते. लहानपणीचे, लग्नाआधीचे, गेल्या सोलणीचे. साबणानं न गेलेले, राखेनं न गेलेले, मरेपर्यंत न जाणारे डाग.

रूपेश त्या हातांकडे बघत राहिला. पांढऱ्या पंच्याकडे बघत राहिला. किती दिवस तिला माहीत होतं. किती दिवस ती पाटावर एकटी बसून ते रक्त पाण्यात सोडत होती, आणि त्याच्या तोंडून ऐकायला थांबली होती.

समुद्राकडून वारा निघाला. आधी माडांत आला, मग केवड्याच्या बनात आला, मग आगरात शिरला. पोफळी हलल्या. रूपेशनं मान वर केली. जिथे हिरवा संपतो आणि निळा सुरू होतो तिथे शेंडे झोके घेऊ लागले होते, वाकत होते, परतत होते, अधिक वाकत होते. पोटात, जाग संपते त्या काठावर, गार बोट टेकलं. या खेपेला त्यानं ते बोट ओळखलं, आणि ढकललं नाही.

त्याचा उजवा हात खांबावरून सुटला. क्षणभर हवेत राहिला. हिराजीच्या मनगटावर पडला.

"तांडेल," तो म्हणाला. त्यानं पुन्हा म्हटलं. "तांडेल, पाणी आलंय."

हिराजी हलला नाही. त्याचं मनगट तिथेच राहिलं, धक्क्याच्या खुंट्यासारखं.

"कुठं?"

"डाव्या कुल्ल्यावर. बाबाच्या चिऱ्यावर बसलो होतो, भाजलं. आता काळं पडलंय. वास येतो. दुपारी थंडी वाजते मला." त्याच्या दातांवर दात आपटले. मग तो शब्द आला, बापाच्या वेळेपासून पोटात ठेवलेला, झाडाखाली कधी न उच्चारलेला, मार्गशीर्षातल्या त्या सकाळी ओठांपर्यंत येऊन मागे फिरलेला. "मला भ्या वाटतंय. दर्शना, मला लई भ्या वाटतंय गो."

झाडांनी ऐकलं.

वर एक पोफळ वाकली, खूप वाकली, आता मोडते की काय अशी वाकली. आणि शेजारणीनं तिला अंगावर घेतलं, क्षणभर धरलं, मग सावकाश, सावकाश, तिच्या आभाळात परत उभं केलं.